साकव दुसऱ्या पानावर होता

तक्रारदार : एक अर्ज लिहिणारा. वय पन्नासच्या आसपास. धंदा, कचेरीच्या आवाराबाहेर बसून लोकांचे अर्ज, जबाब व दस्त लिहिणे. बसण्याची जागा कर्जत, व आठवड्यातून दोन दिवस खालापूर.

तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे तो : वरीलच इसम.

जिचे नुकसान झाले ती : एक मुलगी, त्या वेळी सहावी पास.

घटनेचा काळ : जिल्ह्याला कुलाबा म्हणत तेव्हाचा. एका वर्षीच्या होळीपासून दिवाळीपर्यंत.

साक्षीदार तीन. पहिली, मुलीची आई. ती आता हयात नाही. दुसरे, कचेरीतील अव्वल कारकून. ते पेन्शन घेऊन देशावर आपल्या गावी गेले. तिसरा, ओढ्याकाठचा उंबर. तो जागेवर आहे, परंतु त्याचा जबाब घेण्याची सोय नाही.

नावे मुद्दाम लिहीत नाही. गाव कोणते आणि दोन कचेऱ्यांपैकी कचेरी कोणती, हेही लिहीत नाही. दोष त्यांचा नव्हता.

आता हकीकत.

माझे शिक्षण सहावी नापास. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच कागदावर लिहीत आहे. शाळा सुटल्यावर मी एका वृद्ध अर्जनविसाच्या हाताखाली चार वर्षे नकला उतरवल्या आणि त्या नकलांतून भाषा शिकलो. 'सविनय', 'सादर', 'सबब', 'मेहेरबान', 'तहहयात' असे शब्द माझ्या टाकातून उतरू लागले तेव्हा मला वाटले, आपण शिकलेल्यांच्या पंगतीत बसलो. पंचवीस-तिशीच्या वयात माझे नाव झाले. दोन्ही तालुक्यांत माझ्या हातचा अर्ज दुरून ओळखू येई. अक्षर वळणदार, समास सरळ आणि मजकूर तीन पानांहून कमी कधीच नाही. ठाकुरवाडीकडून घाट उतरून आलेला माणूससुद्धा विचारीत विचारीत माझ्याच पेटीशी येऊन बसे. लोक माझा अर्ज हातात तोलून पाहत, आणि त्यांना तो जड लागला की समाधान वाटे. मलाही वाटे.

त्या वर्षी होळी होऊन आठ दिवस झाले असतील. एक बाई आणि तिच्यामागे एक मुलगी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. बाईने छप्पन साली घरच्यांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला होता. त्यांची वस्ती दहिवलीपलीकडे, ओढ्याच्या दुसऱ्या अंगाला. बाई बसली आणि एका दमात बोलली.

"भाऊ, अर्ज लिवा. आमच्या वड्यावरचा साकव मागच्या पान्यात गेला. उंबरापाशी व्हता. आता उन्हाचं कायबी नाय, वडा सुका हाय. पन पानी आलं की आमी अडाकलो. ही माजी पोर सहावी पास झाली तर जूनपासनं सातवीला बसल. शाळा पलीकडं. साकव नाय तर शाळा नाय. पान्याच्या आधी बांधून द्या म्हनावं. झालं."

"एवढंच?" मी विचारले.

"मंग आनिक काय? नवा महाल मागायचा का काय?"

मुलगी हसली. आईने तिला कोपराने ढोसले.

साकव म्हणजे ओढ्यावर टाकलेला लाकडी पादचारी पूल. आमच्या भागात लहान मुलालाही हा शब्द ठाऊक असतो. परंतु मला तो शब्द सरकारपुढे जाण्याच्या योग्यतेचा वाटला नाही. बाईने जे सांगितले ते पोस्टकार्डावर मावण्यासारखे होते, आणि पोस्टकार्ड लिहिणे हा माझा धंदा नव्हता. मी टाक बुडवला.

त्या अर्जाची सुरुवात मला अजून पाठ आहे. "मेहेरबान हुजूर साहेबांचे सेवेशी, सविनय सादर विनंती अर्ज ऐसा जे, अर्जदार ही दीन, अनाथ व निराधार स्थितीतील स्त्री असून, तिचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या मौजे मजकूर येथील रयतेची वतनदारीने इमानेइतबारे सेवा करीत आलेले असून..." पहिले पान असे पूर्वजांवर गेले. दुसऱ्या पानाच्या वरच्या भागात पर्जन्यकाळाचे वर्णन होते. त्याच पानाच्या तळाशी एका लांबलचक वाक्याच्या पोटात लिहिले होते, की "सदर जलप्रवाहावरील लोकोपयोगी काष्ठसेतू नष्टप्राय झाल्याने दळणवळणास अतोनात प्रतिबंध उत्पन्न झाला आहे." तिसऱ्या पानावर पुन्हा सरकारचे उपकार.

बाई अनाथ नव्हती. तिचा नवरा खोपोलीला कामावर होता. पण 'दीन' लिहिल्यावर 'अनाथ' ओघाने येतच असे.

मी अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. बाई लक्ष देऊन ऐकत होती. देवळाबाहेर उभे राहून आतली पोथी ऐकावी तसे. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लई चांगलं वाचता तुमी. पन हे समदं मी बोलले व्हय?"

"सरकारी भाषेत असंच असतं बाई."

"आन् ते सेवा-बिवा काय लिवलं? वतनाचं? ते आमी सोडलं भाऊ. ते काडा."

"ते नुसतं मानाचं असतं. त्यानं अर्जाला वजन येतं."

तेवढ्यात मुलीने माझ्या हातातला कागद वाकून पाहिला आणि अक्षरे लावत वाचू लागली. तिसऱ्या ओळीत ती अडली, पुढे गेली, पुन्हा अडली. शेवटी विचारले, "काका, ह्यात साकव कुठं हाय?"

मी दुसऱ्या पानाच्या तळाशी बोट ठेवले. "हे काय. काष्ठसेतू."

"म्हंजे?"

"म्हणजे साकवच."

"मंग साकव का नाय लिवलं?"

"गप गं," आई म्हणाली. "त्यांना कळतंय."

मी कागद मुलीच्या हातून काढून घेतला. सहावीतल्या पोरीने माझ्या मजकुराला अडखळावे याचा मला रागच आला होता. ती न अडता वाचू शकत असती तर तो मजकूर साहेबालाही वाचता आला असता, हे मला कळायला पुढे दोन महिने लागले.

अर्जाच्या शेवटी आम्ही एक ओळ ठेवतो. "वरील मजकूर अर्जदारास वाचून दाखविला, तो तिला समजला, म्हणून तिने आपला अंगठा केला." त्याखाली अंगठा आणि बाजूला दस्तुर, म्हणजे हा कागद ज्याच्या हातचा आहे त्याची सही. ही ओळ मी तोवर हजारदा लिहिली असेन. ती खरी आहे की खोटी, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

अर्ज आत गेला. आत काय झाले ते मला मागाहून समजले. कचेरीत आलेला प्रत्येक कागद अव्वल कारकून उभ्याउभ्याच वाचत, मधोमध दुमडत, आणि घडीच्या पाठीवर दोन-तीन शब्दांत विषय लिहीत. त्या शब्दांवरून कागद कोणत्या टेबलाला जायचा ते ठरे. सरकारने गावकामगारांची वतने नुकतीच खालसा केली होती आणि वतनी जमिनींच्या अर्जांचे कचेरीत ढीग पडले होते. कारकुनांनी माझ्या अर्जाचे पहिले पान पाहिले. पूर्वज, सेवा, वतनदारी. त्यांनी पाठीवर लिहिले, 'वतनाबाबत'. आमचा साकव वतनांच्या गठ्ठ्यात जाऊन पडला आणि दोन महिने तिथेच राहिला.

वैशाख संपता संपता साहेब फिरतीवर आले आणि गावच्या चावडीत वतनाचे अर्ज निकाली काढायला बसले. अर्जदारांना बोलावणी गेली. त्या दिवशी मीही गेलो. काम काहीच नव्हते. परंतु माझ्या हातचे पाच अर्ज त्या गठ्ठ्यात होते, आणि साहेबाच्या तोंडून आपला मजकूर ऐकण्याची मला हौस होती. मी दाराशी, भिंतीला टेकून उभा होतो.

बाईचा पुकारा झाला. ती मुलीला घेऊन पुढे गेली. साहेबांनी कागदाच्या घडीवरचा विषय पाहिला.

"वतनाची जमीन किती आहे तुमची?"

"वतन नाय साहेब. आमी सोडलं ते."

"मग मागणी काय? नजराणा भरून जमीन परत पाहिजे?"

"जमीन नको साहेब. साकव पायजे."

चावडीत हशा पिकला. साहेब रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "बाई, आज वतनाचं काम चाललंय. साकवासाठी वेगळा अर्ज द्या."

"ह्योच त्यो अर्ज हाय ना साहेब?"

"हा वतनाचा आहे."

तेव्हा ती मुलगी बोलली. शब्द स्पष्ट होते. "साहेब, त्येच्यात साकव हाय. दुसऱ्या पानावर. खाली."

कोतवाल तिच्या अंगावर धावला, "ए पोरी, मागं हो." साहेबांनी हाताने त्याला थांबवले. त्यांनी दुसरे पान उलटले आणि वरून खालपर्यंत नजर फिरवली. मग एकदा बोट फिरवले. साकव हा शब्द त्या पानावर नव्हता. तो मी लिहिलाच नव्हता.

"कुठंय बाळ? यात साकव नाही."

"हाय साहेब. त्यांनी मला दावला व्हता." आणि तिने मान वळवून थेट माझ्याकडे पाहिले.

मागून कोणीतरी म्हणाले, "शाळंत जाऊन खोटं बोलाया शिकली." पुन्हा हशा.

येथे मी पुढे व्हायला हवे होते. "साहेब, तळाची चौथी ओळ," एवढे चार शब्द पुरे होते. परंतु ते शब्द उच्चारले असते तर पुढचा प्रश्न आला असता : वाचून दाखविला व समजला, ही ओळ कोणाची? आणि त्याहून मोठे भय वेगळेच होते. माझ्या भाषेत साधा साकव कोणाला सापडत नाही, हे चारचौघांत उघडे पडले असते. मी पायांतल्या वहाणांकडे पाहत राहिलो.

साहेबांनी शेरा लिहिला : अर्जदारास वतनाबाबत काही म्हणणे नाही, अर्ज दप्तरी दाखल. पुढचा पुकारा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेटी उघडतो तोच त्या दोघी समोर. मला वाटले, आता शिव्या. पण बाई बसली आणि म्हणाली, "भाऊ, साहेब म्हनले वेगळा अर्ज द्या. लिवा. पन ह्या टायमाला मी बोलन तेवढंच लिवायचं. एक अक्षर जास्त नको. आन् ही वाचल. ही अडली का तुमी खोडायचं."

मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. मी लिहीत गेलो, ती वाचत गेली. 'पुनर्बांधणी'ला ती अडली. मी 'पुन्हा बांधून' केले. 'तात्काळ'ला अडली नाही, पण आई म्हणाली, "तात्काळ म्हंजे कवा? पान्याच्या आधी लिवा. पानी कवा येतं ते साहेबाला बी ठावं हाय." सगळे मिळून नऊ ओळी झाल्या. पहिलीच ओळ होती, "आमच्या ओढ्यावर उंबराजवळ असलेला साकव गेल्या पावसात वाहून गेला, तो या पावसाआधी पुन्हा बांधून द्यावा." मग कोण अडकते, किती घरे आहेत, किती मुले शाळेला जातात. मुलीने सगळा अर्ज न थांबता वाचला आणि आईने तो न पाहता म्हणून दाखवला. मग मी ती जुनी ओळ लिहिली, वाचून दाखविला व समजला. त्या दिवशी ती पहिल्यांदा खरी होती.

अर्ज मी स्वतः आत नेऊन दिला. अव्वल कारकुनांनी उभ्यानेच पाहिला, दुमडला, आणि पाठीवर 'साकवाबाबत' लिहून माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

"आज तब्येत बरी नाही का तुमची?"

"का?"

"एकच पान! नाहीतर तुमचा अर्ज म्हणजे वरात असते हो. आधी बँड, मग करवल्या, मग मानकरी. नवरदेव कोणत्या गाडीत ते आम्ही शोधत बसायचं. दिवसाला साठ-सत्तर कागद येतात. मी किती वरातींमागे धावू?"

मी वतनाचा प्रकार त्यांना सांगितला. त्यांची थट्टा थांबली. जुना अर्ज काढून त्यांनी पुन्हा पाहिला, तळाच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "पहिल्या चार ओळींत मागणी असती तर मी चुकलो नसतो. पण मीही पान उलटलं नाही, हे खरं." त्यांनी तो कागद त्याच दिवशी हातोहात पुढे सरकवला. मंजुरी विलक्षण लवकर आली. परंतु लाकूड येण्याआधी ओढा भरला. साकव दिवाळीनंतर उभा राहिला. मजबूत झाला. त्यावरून आजही लोक जातात.

मुलगी सातवीच्या वर्गात जूनमध्ये अकरा दिवस गेली, लांबच्या सडकेने फेरा घालून, तोही वाटेतला नाला अडवीपर्यंत. मग नाव पटावरून कमी झाले. पुढल्या वर्षी घाला, असे मास्तर म्हणाले होते. पुढल्या वर्षी घरात धाकट्यांना सांभाळायला कोणी नव्हते, आणि त्याच्या पुढल्या वर्षी स्थळ आले. होळीला दिलेला अर्ज नऊ ओळींचा असता तर साकव पावसाआधी झाला असता की नाही, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दोन महिने हातात होते आणि ते माझ्या पहिल्या पानाने खाल्ले, एवढे सांगू शकतो.

बाईने मला कधी दोष दिला नाही. पुढे अनेक वर्षे ती बाजाराला आली की पानात बांधलेली करवंदे माझ्या पेटीवर ठेवून जाई. "भाऊ, तुमचा दुसरा अर्ज लई चालला," असे म्हणे. पहिल्याचे नाव तिने काढले नाही. जिने तक्रार करायची तिने केली नाही, म्हणून ती मला करावी लागत आहे.

त्यानंतर माझी लिहिण्याची रीत बदलली. अर्ज लिहून झाला की मी तो वाचून दाखवीत नाही, आधी अर्जदाराला विचारतो, "यात काय लिहिलंय ते तुम्हीच मला सांगा." तो जे सांगतो ते ठेवतो आणि जे त्याला सांगता येत नाही ते खोडतो. मागणी पहिल्या ओळीत घेतो. दोन मागण्या असतील तर दोन कागद करतो. ज्याचा अर्ज त्याच्या तोंडचा शब्द शक्यतो बदलत नाही. वाचणारा उभा आहे, त्याच्या हातात आणखी साठ कागद आहेत आणि तो माझा शत्रू नाही, हे लिहिताना डोळ्यांपुढे ठेवतो.

यासाठी मला बरेच सोसावे लागले. शेजारचे लिहिणारे म्हणत, "यांचा अर्ज वाचेपर्यंत तपकीरसुद्धा ओढून होत नाही." गिऱ्हाइके कागद हातात तोलून नाराज होत. कुंभिवलीकडचा एक शेतकरी तर उठूनच गेला, म्हणाला, "एवढं तर मी तोंडानं सांगितलं असतं." आज वाटते, त्याने माझी स्तुतीच केली होती. माझ्याच मनाला ही रीत पटायला फार काळ लागला. थोरल्या शब्दांनी सहावी नापास माणसाला आसरा दिला होता. 'काष्ठसेतू' लिहिताना मी सरकारपुढे त्या बाईला उभी करीत नव्हतो, स्वतःला उभा करीत होतो, आणि तिला मागे ढकलीत होतो. हे लिहितानाही जुने शब्द हाताखाली येतातच. काही खोडले, काही राहिले असतील.

आता विनंती.

ती मुलगी कुंभिवलीच्या बाजूला, हमरस्त्यालगतच्या एका गावी नांदते. कारखान्यांत कामाला जाणाऱ्या बायकांबरोबर मी तिला एकदा पाहिले. तिने ओळखले, आणि ती त्या बायकांबरोबर पुढे गेली. जिल्ह्याचे नाव बदलले, कचेरीत टंकलेखन यंत्रे आली, चावडीतला तो कागद दप्तरात कुठे असेल वा नसेल. पण त्या दिवशी हसलेली माणसे अजून आहेत. त्यांच्या लेखी ती मुलगी साहेबापुढे खोटे बोलली होती.

सबब माझा जबाब असा, की ती खरे बोलली होती. साकव दुसऱ्या पानावर होता, तळाच्या चौथ्या ओळीत. तो मीच लिहिला होता, मीच झाकला होता, मीच तिला बोटाने दाखवला होता, आणि चावडीत मी गप्प राहिलो. ज्यांनी ऐकले त्यांनी हे दुरुस्त करून घ्यावे.

आणि तिला विनंती, की हा कागद तिने स्वतः वाचावा, कोणाकडून वाचून घेऊ नये. जेथे अडेल तेथे रेघ मारावी. वाचून झाल्यावर यात काय लिहिले आहे ते तिने आपल्या शब्दांत मला कळवावे, आणि सातवीचे ते बुडालेले वर्ष माझ्या नावे मांडायचे की नाही, तेही. ती जे लिहील ते मी एक अक्षर न बदलता मान्य करीन. उत्तर दोन ओळींचे असले तरी चालेल.

दस्तुर खुद्द.